सतरा नंबरची बाई

मालगुंड,
१३ फेब्रुवारी २०२४

चि. मनाल,

तुला आणि तुझ्या देवरूखच्या घराला माझे आशीर्वाद. पत्र बघून हसशील. फरीदा म्हणालीच, "दमू, फोन कर की, माझी पोरगी रोज रात्री माझ्याशी बोलते." पण बत्तीस वर्षं पोस्टात काढली, गावभर दुसऱ्यांची पत्रं वाटली, आणि माझ्या नावावर वर्षाला दोन यायची. म्हणून निवृत्तीनंतर ठरवलंय, महत्त्वाचं जे काही असेल ते कागदावर लिहायचं. तूही कागदावरच उत्तर दे.

काम असं आहे. नोव्हेंबरात मी इथल्या बायकांना घेऊन पहाटे चालायला सुरुवात केली. सुरुवात तुळसामुळे झाली. मासे विकायला बसते ती. पाटी डोक्यावर घेऊन उठताना तिचे गुडघे बोलायला लागले, आणि डॉक्टरांनी तिला वजन उतरवायला सांगितलं. ती मला म्हणाली, एकटी चालले तर लोक हसतील. म्हटलं, मी येते. दुसऱ्या दिवशी फरीदा आली. पंधरा दिवसांत चोवीसजणी झालो. उजाडायच्या आधी गायवाडीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून तासभर चालायचं, रात्री भाताऐवजी नाचणीची भाकरी आणि पिठलं, साखर फक्त सकाळच्या चहात. परवा बारा आठवडे पूर्ण झाले.

मुंबईची एक आरोग्य संस्था आहे. त्यांचा माणूस येऊन बघून गेला. त्यांना हे किनाऱ्यावरच्या दहा गावांत न्यायचंय, प्रत्येक गावात एक नर्स द्यायला ते तयार आहेत. पण त्यांनी लिहिलंय की ह्याने वजन खरोखर उतरतं ह्याचा पुरावा पाठवा. माझ्याकडे वही आहे, वहीत वजनं आहेत. वही म्हणजे पुरावा नव्हे, एवढं मला कळतं. तू कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतेस. वहीचा पुरावा करून देशील का?

तुझी,
दमूमावशी


देवरूख,
२० फेब्रुवारी २०२४

प्रिय दमूमावशी,

सलाम. तुमचं पत्र आलं तेव्हा मी वर्गावर होते. शिपायाने आणून दिलं आणि मुलं बघतच राहिली. मॅडमना कुणीतरी हाताने लिहिलेलं पत्र पाठवतं, हे त्यांना खरंच वाटेना.

मी आनंदाने करीन. पण कसं करतात ते आधी सांगते, म्हणजे नंतर आपला गैरसमज होणार नाही.

आम्ही उलटीकडून सुरुवात करतो. आधी असं धरायचं की तुमच्या चालण्याने आणि भाकरीने कुणाच्याही वजनात काहीही फरक पडलेला नाही. ह्याला शून्य परिकल्पना म्हणतात. मग विचारायचं की हे खरं असेल, तर निव्वळ योगायोगाने वहीत दिसते एवढी घट दिसायची शक्यता किती? माणसाचं वजन तसंही किलो-दीड किलो खाली-वर होत असतं, त्यामुळे योगायोगाला बरीच जागा असते. ती शक्यता शंभरात पाचाहून कमी निघाली, तर म्हणायचं की आता योगायोगावर विश्वास ठेवणं अवघड आहे. पाचाहून जास्त निघाली, तर म्हणायचं की सिद्ध झालं नाही. खोटं ठरलं असं नव्हे, फक्त सिद्ध झालं नाही.

ही पाचाची रेघ मी आजच, आकडे बघायच्या आधी आखते आहे. नंतर ती सरकवणार नाही. तुमच्यासाठीसुद्धा नाही, अम्मीसाठीसुद्धा नाही.

नावं पाठवू नका. प्रत्येकीला एक नंबर द्या, आणि त्यापुढे वय, पहिलं वजन, शेवटचं वजन आणि किती दिवस चालली ते लिहा. नावं कळली की माझं मन कुणाच्या तरी बाजूने जाईल. काटा एकच होता ना? वेळ एकच होती ना?

इथे सकाळी डोंगर धुक्यात असतात. तुमचा समुद्र मला झोपेत ऐकू येतो, पण इथून तो फार लांब आहे.

तुमची,
मनाल


मालगुंड,
२७ फेब्रुवारी २०२४

चि. मनाल,

काट्याचं मला विचारतेस? अगं, ग्रॅमभर जास्त भरलं म्हणून मी सरपंचांचं पार्सल परत पाठवलं होतं. काटा एकच, वेळ चालायच्या आधीची, चपला बाहेर, बांगड्यासुद्धा उतरवायला लावल्या. तक्ता सोबत आहे. चोवीसजणी, एकही मध्येच सुटलेली नाही.

तुझी ती उलटी पद्धत मला आधी आवडली नाही. काहीच झालं नाही असं धरून कसं चालायचं, आम्ही रोज उठलो ते काय उगाच? मग विचार केला. पोस्टात रजिस्टर पत्र हरवलं की आम्हीसुद्धा आधी पोस्टमन निर्दोष आहे असंच धरायचो. पुरावा आला तर गोष्ट वेगळी. मग ठीक आहे. धर तू.

तुला पहाटेचं सांगते, कारण ते तक्त्यात येत नाही. आम्ही निघतो तेव्हा आकाश आणि पाणी ह्यांच्यामध्ये रेघच नसते. चोवीसजणी चालतो, पण पुढची बाई सावलीसारखी दिसते आणि तिच्या पुढची दिसतच नाही, फक्त तिचं बोलणं येतं. कधी वाटतं आपण किनाऱ्यावर नसून पाण्याच्या आतून चाललोय, आणि वर कुठेतरी होड्या तरंगतायत. मग हळूहळू उजाडतं, एकेकीला चेहरा येतो, आणि तुझी आई कुणाची तरी उणीदुणी काढत असलेली सापडते.

सतरा नंबरची बाई बघ. तिची अकरा किलो घट आहे. अडुसष्टावरून सत्तावन्न. लहानपणापासून ती जाडी. शाळेत पोरं तिला भोपळा म्हणायची. आता तिला वाटतं, पायाखाली वाळू आहे की नाही. चालताना अंग असं हलकं होतं की वाऱ्याने उचलून नेलं तर आश्चर्य वाटू नये. आणि गंमत म्हणजे तिला भूकही आधीपेक्षा जास्त लागते. चार भाकऱ्या खाते, तरी वजन उतरतंच आहे. झोपही थोडकीच पुरते. अंगात सारखी ऊब असते, थंडीत शाल लागली नाही. अशी एक बाई जरी निघाली तरी संस्थेच्या लोकांनी मान्य करायला हवं, नाही का?

तुझी,
दमूमावशी


देवरूख,
६ मार्च २०२४

प्रिय दमूमावशी,

आकडे मांडून झाले. तीनदा तपासले.

चोवीसजणी धरल्या तर सरासरी घट एक किलो तीनशे ग्रॅम येते. ही घट निव्वळ योगायोगाने दिसायची शक्यता शंभरात चाराच्या थोडी वर आहे. म्हणजे पाचाच्या आत. तुमचा कार्यक्रम माझ्या रेघेच्या अलीकडे, सिद्ध झालेल्या बाजूला पडतो.

पण सतरा नंबर बाजूला ठेवून बघितलं, तर उरलेल्या तेवीसजणींची सरासरी घट एक किलोहूनही कमी होते, आणि शक्यता जवळजवळ सातावर जाते. म्हणजे सिद्ध नाही. सगळा निकाल एकट्या त्या बाईवर उभा आहे.

एखादा आकडा मोठा आहे म्हणून तो मी काढून टाकत नाही, तो गुन्हा आहे. आणि तो आपल्या सोयीचा आहे म्हणून डोळे मिटून ठेवतही नाही. तो एवढा मोठा का आहे, हे विचारायचं असतं. दुसऱ्या कुणाचीच घट साडेचार किलोच्या वर नाही. सगळ्या त्याच वाळूत चालल्या, तीच भाकरी खाल्ली. मग हिलाच अकरा किलो का?

तुम्ही लिहिलंत ते मी इथल्या एका डॉक्टरीणबाईंना वाचून दाखवलं, नाव-गाव न सांगता. भूक वाढलेली आणि वजन उतरतंय, झोप कमी, अंगात ऊब. त्यांनी हातातला कप खाली ठेवला. म्हणाल्या, ही बाई चालल्यामुळे उतरलेली नाही. तिला आतून काहीतरी झालंय. रक्त तपासायला हवं, आणि हृदय लगेच तपासायला हवं.

मावशी, सतरा नंबरला डॉक्टरकडे पाठवा. तोपर्यंत मी अहवाल लिहिणार नाही.

मनाल


मालगुंड,
१२ मार्च २०२४

चि. मनाल,

तुझं पत्र पोचलं. तू शिकलेली आहेस, आकड्यांबद्दल तुझ्याशी वाद घालत नाही. पण एक बाई जन्मात पहिल्यांदा हलकी झाली, तर तिला लगेच आजारी ठरवायचं? उरलेल्या तेवीस जणींनी रात्री चोरून भात खाल्ला असेल. तिने नाही खाल्ला. ती एकही दिवस चुकली नाही. मेहनतीचं फळ असतं हे तुमच्या शास्त्रात बसत नाही का?

ती बाई ठणठणीत आहे. मी रोज बघते तिला. डॉक्टरकडे जायला तिला काही कारण नाही.

सगळ्या चोवीस धरून शंभरात चार येतात हे तूच लिहिलंस. तेवढंच अहवालात लिही आणि पाठव. संस्थेची मुदत महिनाअखेरीची आहे. दहा गावांतल्या बायका वाट बघतायत. आजपासून तुझ्या आईचे रोजे सुरू झाले. सहेरीचं पहाटेचं खाणं आटोपलं की ती तशीच चालायला येते.

दमूमावशी


देवरूख,
१८ मार्च २०२४

प्रिय दमूमावशी,

मी बारावी होऊन पुण्याला गेले तेव्हा हॉस्टेलवर तुम्ही मला एक पत्र पाठवलं होतं. ते मी जपून ठेवलंय. काल काढलं आणि तुमच्या ह्या तीन पत्रांच्या शेजारी मांडलं. तेव्हाचं अक्षर छापल्यासारखं आहे, एकही काना वाकडा नाही. फेब्रुवारीतल्या पहिल्या पत्रात वेलांट्या थरथरल्या आहेत. शेवटच्या पत्रात ओळीच खाली उतरत गेल्या आहेत.

तक्त्यात सतरा नंबरचं वय एकसष्ट आहे. ती चौऱ्याऐंशीपैकी चौऱ्याऐंशी दिवस हजर आहे. आणि पायाखाली वाळू आहे की नाही असं तिला वाटतं, हे तुम्ही लिहिलंत. दुसऱ्या कुणाच्या पायाखाली काय वाटतं, ते माणसाला एवढं बारीक कळत नाही.

सतरा नंबर तुम्हीच आहात ना?

मला निकालाची पर्वा नाही असं समजू नका. दहा गावांना नर्स मिळाली तर मला किती आनंद होईल. पण आत्ता मी हे संख्याशास्त्राच्या बाई म्हणून लिहीत नाही. तुमच्या काउंटरवर बसून तिकिटं चिकटवायला शिकले ती मुलगी म्हणून लिहितेय. कृपा करून डॉक्टरांना दाखवा.

अम्मीला मी काही बोललेले नाही. ते तुम्ही तिला सांगायचं.

मनाल


मालगुंड,
२४ एप्रिल २०२४

चि. मनाल,

महिन्याहून जास्त झालं. ईद होऊन गेली, तुला चार ओळी लिहिल्या नाहीत. तुझ्या आईने फोनवर कळवलं असेल, तरी माझं मी लिहायला हवं.

होय, ती मीच.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहायला बसले होते. लिहिणार होते की सतरा नंबर दुसरीच कुणी आहे. आंतरदेशीय पत्र उघडलं, आणि 'चि.' लिहिताना पेन कागदावरून घसरलं. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. मनाल, मी आयुष्यभर अक्षरावर जगले. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांच्या मनीऑर्डरी मी भरल्या, आणि मला तुझं नाव ओळीवर ठेवता येईना. हात टेबलावर ठेवला तर टेबलाचा आवाज यायला लागला. तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली.

खरं सांगायचं तर माहीत होतं मला. सगळं नाही, पण काहीतरी. छातीत धडधडायचं. बसलेली असतानाही कुणीतरी आत जिना चढत असल्यासारखं. मी फरीदाला बोलले नाही. तिने विचारलं, तू एवढी का सुकलीस, तर म्हटलं, तुला हेवा वाटतो.

का लपवलं ते सांगते. हसू नको. जन्मभर मी जड होते. वर्गात शेवटच्या बाकावर, बसमध्ये दोन सीटची जागा अडवणारी. पोस्टात नवीन लागले तेव्हा आतली माणसं मला पार्सल म्हणायची, आणि मीही हसायचे. आणि एकसष्टाव्या वर्षी एका पहाटे मी चालता चालता पुढे गेले. सगळ्यांच्या पुढे. मागे सगळ्यांचं बोलणं विरत गेलं, समोर नुसतं राखाडी पाणी, आणि मला माझं अंगच जाणवेना. वाटलं, मी नाहीच आहे, फक्त चालणं आहे. इतकं सुख मला कधी झालं नव्हतं. डॉक्टरकडे गेले तर ते काढून घेतील, एवढंच डोक्यात होतं. आणि बघ, तसंच झालं.

तुझं पत्र घेऊन मी फरीदाकडे गेले. दुपार होती. रोजा असल्यामुळे ती चटईवर आडवी झाली होती. पत्र तिच्या हातात दिलं. तिने ते वाचलं, परत वाचलं. मला वाटलं, आता रागावेल. पण ती उठली, ओढणी घेतली आणि म्हणाली, "चप्पल घाल."

रत्नागिरीपर्यंत एसटीत ती माझा हात मांडीवर धरून बसली होती. बाहेर शिमग्याचे ढोल वाजत होते, मला ते छातीतले वाटत होते. ती सकाळपासून पाण्याचा थेंब न घेता माझ्याबरोबर हॉस्पिटलातल्या बाकावर चार तास बसली. मगरिबची, रोजा सोडायची वेळ झाली तेव्हा तिथल्या एका नर्सने तिला खजूर आणून दिला.

नाडी एकशे अठ्ठावीस भरली. गळ्यातली थायरॉईडची ग्रंथी गरजेपेक्षा फार जास्त काम करतेय, म्हणून अंग आतल्या आत जळतंय आणि वजन उतरतंय. हृदयाचा ठोकाही चुकत होता. डॉक्टर म्हणाले, "बाई, अजून दोन महिने असंच काढलं असतंत तर इथे चालत आला नसतात." पाच दिवस ठेवून घेतलं. आता गोळ्या चालू आहेत. हात थांबलाय, तुला अक्षरावरून दिसेलच.

तीन किलो परत आलं. परवा पहिल्यांदा किनाऱ्यावर गेले, थोडीच चालले. पाय जड लागत होते. तुळसा जवळ होती म्हणून रडले नाही.

माझा आकडा काढून टाक. आणि मी बारा मार्चला जे लिहिलं ते विसर.

तुझी,
दमूमावशी


देवरूख,
३ मे २०२४

माझ्या दमूमावशी,

पत्र वाचलं. मग दोन तास झोपले, तेही भर दुपारी. महिनाभराची झोप साचली होती.

तुमचं अक्षर परत आलंय.

तुमचा आकडा मी गुपचूप काढणार नाही. अहवालात दोन्ही निकाल दिलेत. एक चोवीसजणींचा, आणि एक सतरा नंबर वगळून, वगळण्याच्या कारणासह. तिची घट आजाराने झाली होती, कार्यक्रमाने नव्हे, असं स्पष्ट लिहिलंय. नाव अर्थातच नाही. म्हणून निष्कर्ष असा आहे की घट दिसते, पण सिद्ध झालेली नाही. संस्था ह्यावर आत्ता दहा गावं देणार नाही, हे मला माहीत आहे. तुम्हालाही ते आवडणार नाही. पण तुमच्या आजाराच्या जोरावर दहा गावांतल्या बायकांना मी काही कबूल करू शकत नाही.

एक चूक माझीही आहे. चालणाऱ्यांची तुलना न चालणाऱ्यांशी करायला हवी होती. कदाचित थंडीत मालगुंडातल्या सगळ्याच बायका थोड्या उतरतात, कुणाला ठाऊक? ऑक्टोबरात पुन्हा करूया का? साठजणी जमवा. चिठ्ठ्या टाकून तीस जणींना आधी चालवा, तीस जणींना बारा आठवडे थांबायला सांगा, मग त्यांची पाळी. आणि सुरुवातीलाच सगळ्यांची रक्ततपासणी. हे मी संस्थेला कळवलंय, एवढी एक नर्स तरी पाठवा म्हणून.

तुम्हाला तो हलकेपणा पुन्हा मिळो असं लिहिणार होते. पण ते खरं होणार नाही, म्हणून नाही लिहीत. तुम्ही आहात हे मला पुरेसं आहे.

तुमची,
मनाल


मालगुंड,
१९ मे २०२४

चि. मनाल,

अहवाल मी स्वतः वाचून दाखवला. चालून झाल्यावर सगळ्यांना वाळूत बसवलं आणि सांगितलं की आपलं वजन उतरतं हे सिद्ध झालं नाही, संस्था आत्ता येणार नाही. आणि सतरा नंबर कोण तेही सांगून टाकलं. आता काय लपवायचं?

पाणी येत होतं, जात होतं. मला वाटलं, उद्यापासून मी आणि फरीदा दोघीच असणार. मग तुळसा पदर झटकत उठली आणि म्हणाली, "मग उद्या कवा यायचं गो, त्याच येळेला?"

ऑक्टोबरात करूया. चिठ्ठ्या मी करीन, घड्या सारख्या घालीन. ज्यांना थांबावं लागेल त्या मला शिव्या देतील, देऊ देत.

तुझी,
दमूमावशी


मालगुंड,
९ फेब्रुवारी २०२५

चि. मनाल,

तुझं पाकीट शुक्रवारी आलं. जाड होतं. मी ते उघडलं नाही. आधीच्या वेळी एकटीने उघडलं होतं, आणि काय झालं ते तुला ठाऊक आहे. रविवारपर्यंत देवापुढे ठेवलं आणि आज पहाटे किनाऱ्यावर घेऊन गेले.

साठच्या साठ आल्या होत्या. ज्यांची पाळी झाली त्याही, आणि ज्या तीन महिने वाट बघून आत्ता सुरू होणार त्याही. नर्स आली होती. धुकं इतकं होतं की सगळ्या एकमेकींना हाका मारून जमल्या. होड्या वर ओढून ठेवल्यात, त्यांच्या कडेने बसल्या. मी चष्मा पुसत राहिले, तेव्हा फरीदाने माझ्या हातातून पाकीट घेतलं आणि फोडलं.

ती वाचत गेली. चालणाऱ्या तीस जणींची सरासरी घट एक किलो नऊशे. थांबलेल्या तीस जणींची पाचशे ग्रॅम. म्हणजे थंडीत सगळ्याच थोड्या उतरतात हा तुझा संशय खरा होता. दोन्हींतला फरक एक किलो चारशे. आणि मग तिने ते वाक्य वाचलं, की हा फरक केवळ योगायोगाने दिसण्याची शक्यता शंभरात एकाच्या थोडी वर आहे. वाचून ती थांबली. तिला अर्थ कळला होता, तुझी आई आहे ती. पण तिने माझ्याकडे बघितलं, मी सांगावं म्हणून.

मी म्हटलं, "सिद्ध झालं."

एकीने विचारलं, बाई, पण एक किलो चारशे म्हणजे एवढंसंच की. थोडी निराश झाली बिचारी. तिला वाटलं असणार, शास्त्राने सिद्ध केलं म्हणजे दहा-बारा किलो तरी असेल. मी तिला काय सांगावं ते शोधत होते. सांगणार होते की दहा-बारा किलो उतरलेली बाई तू बघितलीस, ती फार सुखात होती आणि मरायला टेकली होती. पण तेवढ्यात तुळसा उठून धुक्यात गेली. तिची पाटी होडीपाशी होती, नुकतेच मासे आले होते. ती एक सुरमई घेऊन आली, काट्यावर टाकली, परत ठेवली, दुसरी आणली. नर्सचा काटा तो, पण तुळसाला काय म्हणायचं? नर्स हसत होती. तिसरी सुरमई एक किलो चारशे भरली. तुळसाने ती शेपटीला धरून सगळ्यांपुढे उंच केली आणि म्हणाली, "एवढं गो. एवढं अंगावरून उतरलं."

चांगली हातभर लांब होती. पाठ निळी, पोट चांदीचं, त्यावर धुक्यातला उजेड. सगळ्या बघत राहिल्या. त्या पहिल्या तिसांपैकी एकीने नकळत कमरेवर हात ठेवला, जणू तिथे काही होतं आणि गेलं.

मी बसून हिशेब केला. तीस जणी, प्रत्येकीची एक. तीस सुरमया आम्ही ह्या बारा आठवड्यांत समुद्राला परत दिल्या. मला त्या दिसल्याही. एकेका बाईच्या अंगातून सुटून, पायाशी आलेल्या लाटेत वळून, आवाज न करता खोल पाण्यात गेलेल्या.

संस्थेचा माणूस पुढच्या आठवड्यात येतोय. पहिलं गाव आंजर्लं आहे, तिथे आधी कुणी चालायचं त्याच्या चिठ्ठ्या टाकायला मला जायचंय. फरीदा रोजे सुरू व्हायच्या आत परत यायच्या बोलीवर बरोबर येईन म्हणते. तू मला मोजणीत धरलं नाहीस, हे बरं केलंस. माझं वजन आता पासष्ट आहे, नाडी अठ्ठ्याहत्तर.

ती सुरमई तुळसाने विकली नाही. दुपारी तिचंच कालवण केलं. तुझ्या आईने आणि मी एका ताटात खाल्लं, आणि मी भात मागून घेतला.

तुझी,
दमूमावशी